द

गांधीबागेत कूलर दुरुस्तीच्या दुकानावर
पत्र्याचा जिना चढून गेलं की निकहत मॅडमचा क्लास.
फी महिन्याची साडेतीनशे, वही आपली.
खाली वाळ्याच्या ताट्या ठोकणं चालू, वर आम्ही अकरा जण,
त्यात मी सगळ्यात मोठी अन् फळ्याच्या सगळ्यात जवळ,
कारण चष्म्याचा नंबर वाढलाय.

मी फॉल-पिको करते, चिटणीस पार्कामागे.
हैदराबादच्या एका गिऱ्हाइकाचा मेसेज आला होता:
आधी 'द ग्रीन वन' करा.
तिच्या गठ्ठ्यात हिरव्या तीन.
मी तिन्ही करून टाकल्या. पैसे एकीचेच आले.
बाकी दोघींना तिला टाकाही लावायचा नव्हता.
भाचा म्हणाला, मामी, त्या 'द'मधी गोम हाय.

मी विचारलं, अर्थ काय याचा?
मॅडम म्हणाली, अर्थ काहीच नाही.
अर्थ नाही तं बोलता काऊन?
कुरियरवाला पोरगा फिसकन हसला.

मॅडम तेवीस वर्षांची. खडू ठेवला, ओढणीला हात पुसला.
आन्टी, कोणी नवीन आलं तर 'अ'.
अ मॅन केम. कोण, कुठला, आपल्याला काय.
पण येऊन बसला, पाणी प्याला, की मग तो 'द'.
जो तुम्हालाही ठाऊक, ऐकणाऱ्यालाही ठाऊक.

मी वहीत लिहिलं:
हिरवी साडी फक्त तिलाच ठाऊक होती.

जगात एकच असलं तरी 'द'. द सन.
हे कोणाला समजवावं लागलं नाही.
मे महिना, दुपारचे तीन, वर टिनाचं छप्पर.
दोन असते तर आम्ही क्लासला आलोच नसतो.

मग मी 'द' पाहत फिरली.
मेडिकल गल्लीगल्लीत आहेत,
पण ऑटोवाल्याला 'मेडिकल' म्हटलं
तर तो गोळ्यांच्या दुकानात नाही नेत.
तिथं नेतो, जिथं माझी सासू
तेरा दिवस दोन खाटांच्या मधात सतरंजीवर होती.
नणंद विचारते, त्या गोष्टीचं काय झालं?
मी म्हणते, होऊन राहिली.
भुवई थोडी वर जाते ना, तिथं असतो तो.
लिहीत नाही आपण, एवढंच.

अन् एक दिवस बॉबिन भरता भरता हात थांबला.
हे जेवले. हे आले का. ह्यांना विचारून सांगते.
एकतीस वर्षं मी दुसरं काय बोलून राहिली?
'हे' म्हणावं असे पुरुष जगात किती,
पण मी म्हटलं की आख्खी गल्ली एकाच माणसाकडे पाहते,
जो लूम बंद पडल्यापासून
सराफ्यात रात्रीची शटरं राखतो.

आईनं शिकवला होता मला 'द',
लग्नाच्या आठ दिवस आधी. तिच्याजवळ खडू नव्हता.
नाव नाही घ्यायचं, एवढंच म्हणाली.
घेतलं ते एकदाच, घास भरवताना, यमक जुळवून,
तेही मावशीनं पाठ करून घेतलेलं.

शनिवारी मॅडमनं घरच्यांवर पाच वाक्यं मागितली.
मी लिहिलं, द यादोराव इज स्लीपिंग.
स्पेलिंग विजेच्या बिलावरून उतरवलं.
मॅडमनं लाल पेनानं 'द'वर काट मारली.
नावाच्या आधी नाही येत, आन्टी.
काऊन?
नाव सांगितलं की काम झालं. मग ते कशाला?

घरी आली तर खरंच झोपले होते,
बनियन पोटावर सरकलेली, कूलरमधलं पाणी संपत आलेलं.
मी वही धरून दारातच उभी राहिली.
हळूच म्हणून पाहिलं. नुसतं नाव,
अलीकडं काही नाही, पलीकडं काही नाही.
उठले नाहीत. कूस बदलली.

बाहेरून कोणी हाक दिली, भाऊ हायेत का?
मी म्हटलं, हे झोपले.
मग आत जाऊन पेन्सिल शोधली
अन् त्या लाल काटेच्या बाजूला
बारीक 'द' परत लिहून ठेवला,
मॅडमला दिसणार नाही एवढा.